माळ्यावरून उतरलेली पेटी

सँ-रोमाँ, फ्रान्स
१४ एप्रिल २०२४

प्रिय मावशी,
जय भीम.

फोन नको, पत्र लिही, असं तू मागच्या महिन्यात काकांकडून कळवलंस, म्हणून हे पत्र. हाताने लिहितेय आणि फोटो काढून काकांच्या मोबाईलवर पाठवतेय. अक्षर वाईट आलं तर खारघरच्या कॉलेजला दोष दे. दहावीपर्यंत गावाला चांगलं होतं.

आज जयंती. मी उठले तेव्हा तुमच्याकडे दुपार झाली असेल. विहारात खीर वाटून झाली असेल, तू पेटीवर बसली असशील आणि मागे तुझा कोरस. इथे मी एकटीच. फोटोसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, आणि मग खोलीत बसवेना. रविवारी हे गाव इतकं शांत असतं की आपल्याच चपलेचा आवाज ऐकून मागे वळून बघावंसं वाटतं.

पावाच्या दुकानाच्या काचेवर एक कागद लावलेला होता. आज गावात ‘व्हिद-ग्रेनिए’. त्याचा सरळ अर्थ ‘माळा रिकामा’! मावशी, मी तिथेच हसले. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गावाने आपापल्या माळ्यावरचं जुनंपानं रस्त्यावर आणून मांडायचं आणि एकमेकांना विकायचं. मला एक झाकणाचं पातेलं हवंच होतं, म्हणून गेले.

इथली घरं आपल्या रायगडाकडच्या कातळासारख्या काळ्या दगडाची आहेत. त्या काळ्या घरांच्या पुढे चादरी पसरलेल्या आणि त्यांवर काय काय! कानतुटके कप, नावाची अक्षरं भरलेल्या चादरी, कॉफी दळायचं हातजातं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. एका माणसाने तर एकाच पायाचा बूट मांडला होता. मी विचारलं, दुसरा? तो म्हणाला, तोच शोधायला आलोय. कोणाला घाई नव्हती. लोक वस्तू उचलायचे, उलटीपालटी करायचे, मालकाकडून तिची हकीकत ऐकायचे आणि तशीच परत ठेवून पुढे जायचे. मीही तसंच केलं. पातेलं मिळालं. दिवाळे गावच्या मासळी बाजारात तू सुरमईसाठी जशी घासाघीस करतेस तशी मी केली. बाई घाबरली आणि झाकण फुकट दिलं.

आणि मग रांगेच्या टोकाला, घडीच्या टेबलावर, पेटी.

खरंच पेटी. आपल्या पेटीपेक्षा जरा बुटकी, मागे भाता, पुढे पट्ट्या. मला वाटलं कुणी भारतातून आणली असेल. टेबलामागे पांढऱ्या केसांची, मोठा चष्मा लावलेली बाई बसली होती. नाव ओदेत. गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. ती म्हणाली, ही इथलीच आहे, हिला ‘गीद-शाँ’ म्हणतात. पूर्वी फ्रान्समधल्या शाळांत मुलांना गाणी शिकवायला अशी पेटी असायची. शाळेने टाकून दिली तेव्हा तिने घरी नेली, आणि तेव्हापासून ती माळ्यावर.

“दरवर्षी खाली आणते,” ती म्हणाली, “आणि दरवर्षी परत वर नेते. लोकांना हिच्यावर कुंड्या ठेवायच्या असतात. मी देत नाही.”

मी विचारलं, वाजवू का? तिने मान हलवली. मी उभ्यानेच डाव्या हाताने भाता धरला आणि तू शिकवलेलं वाजवलं. एक पट्टी मुकी होती, तिला टाळून वाजवलं. संपवून बघते तर शेजारच्या दोन्ही टेबलांवरचे लोक उभे राहिले होते. ओदेतबाईंनी चष्मा काढून पुसला. “इतक्या वर्षांत हिच्यातून असलं काही निघालं नव्हतं,” म्हणाल्या. मग पेटी माझ्याकडे सरकवली आणि पैसे घ्यायला चक्क नकार दिला. फक्त कुंडी ठेवणार नाही असं वचन घेतलं.

तर आता ती माझ्या टेबलावर आहे. मुकी पट्टी कशी बोलती करायची ते सांग. आणि विहारात यंदा काय काय गायलीस तेही सगळं लिही.

तुझी,
क्रांती

*

खारघर
२१ एप्रिल २०२४

चि. क्रांतीस,
जय भीम.

तुझं पत्र वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा काकांनी वाचलं, आणि एकदा खाली बाकावर बायकांना वाचून दाखवलं. एकाच पायाचा बूट मांडणारा सगळ्यांना फार आवडला.

पेटीचं सांगते. वरचं झाकण काढ. मुक्या पट्टीच्या खाली पितळेची जीभ असेल, तोच सूर. नव्वद टक्के वेळा त्याच्यात धुळीचा कण अडकलेला असतो. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. पातळ कागदाची कड अलगद जिभेखालून फिरव आणि फुंकर मार. पितळ वाकलं तर सूर गेला, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस. झालं की वाजव, रेकॉर्ड करून पाठव. मी तपासते.

जयंती चांगली झाली. गर्दी खूप होती. मी यंदा मागेच बसले, नवीन मुलींना पुढे केलं. त्यांनाही संधी मिळायला हवी.

‘माळा रिकामा’ मला फार पटलंय. मी सेक्रेटरींना विचारलं, आपल्या सोसायटीत का नको? पार्किंगमध्ये एक रविवार मांडू. काकांच्या तोंडचं पाणी पळालंय. आपल्या माळ्यावर काय आहे ते तुला माहीतच आहे. तीन बंद पंखे, यांनी द्रोणागिरीच्या गोदामातून निवृत्तीच्या दिवशी आणलेली खुर्ची, आणि तुझ्या बारावीच्या सगळ्या गाईड. हे म्हणतात, पंखे दुरुस्त होतील. मी म्हटलं, हो, आणि खुर्चीला पंख फुटतील.

पातेल्यात भात नीट शिजतो का? पाव खाऊन दिवस काढू नकोस.

तुझी मावशी,
जयमाला

ता.क. फोन करू नकोस. पत्रच बरं वाटतं.

*

सँ-रोमाँ
५ मे २०२४

प्रिय मावशी,
जय भीम.

पट्टी बोलली! कागदाच्या कडेबरोबर धुळीचा एक बारीक गोळा बाहेर आला. ओदेतबाई म्हणाल्या, तो नक्की एकोणीसशे सत्तरमधला खडू असणार.

हो, त्या आता दर रविवारी येतात. गेल्या वेळी त्यांनी आपल्या शाळेतली गाणी वाजवून दाखवली. बोटं वळत नाहीत आता, पण गाताना मान अशी ताठ करतात की समोर वर्ग बसलाय असं वाटतं. नंतर मी डाळभात वाढला. त्यांनी डाळ सूप म्हणून आधी संपवली आणि मग कोरडा भात समोर आल्यावर गोंधळल्या.

रेकॉर्डिंग काकांच्या मोबाईलवर पाठवलंय. सगळे सूर वाजवलेत. कान लावून ऐक आणि तपास.

एक विचारू? तू माझा फोन घेत नाहीस. आधी दर रविवारी आपण तास तास बोलायचो. मी खारघरची नोकरी सोडून दगडांच्या संशोधनासाठी इकडे आले ते तुला आवडलं नव्हतं, हे मला माहीत आहे. विमानतळावरही तू गप्प होतीस. रागावली असशील तर तसं लिही. दहावीनंतर मी तुझ्याकडेच वाढले. तुझा राग मला कळतो, पण हे ‘पत्रच बरं’ कळत नाही.

क्रांती

*

खारघर
९ मे २०२४

चि. क्रांतीस,

रागबिग काही नाही. डोक्यात काहीतरी घेऊन बसू नकोस.

रेकॉर्डिंग ऐकलं. काका मोबाईल घरी ठेवून बाजारात गेले होते, तेव्हा निवांत खिडकीत बसून ऐकलं. फार सुरेख वाजते पेटी. खालचे सूर भारदस्त आहेत, अंगभर घुमतात. मधे जरा थांबत थांबत वाजवलंस, तेवढी लय सांभाळ. सगळे सूर जागेवर आहेत, काळजी नको.

आपला बाजार ठरला. सव्वीस तारीख, रविवार. बी विंगमधली नूरी सगळ्यांच्या दारोदार सांगत फिरतेय. तू तिला ओळखतेस, उरणकडची, ईदला आपल्याकडे शीरखुर्मा आणते ती.

तुझी मावशी

*

सँ-रोमाँ
१० मे २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले आणि मग हसता येईना.

मी चुकीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आत्ता पाहिलं. आमच्या इमारतीची बैठक झाली होती, ती मी रेकॉर्ड करून ठेवली होती, कारण फ्रेंच भरभर बोललं की मला समजत नाही. तू जे ऐकलंस त्यात पेटी नाहीच. एक जाड आवाजाचा माणूस काचा कुठल्या डब्यात टाकायच्या आणि भाजीची सालं कुठल्या, हे सांगतोय.

मावशी, तुझ्यासारखी बाई, जी पलीकडच्या खोलीतून “नी चढला” म्हणून ओरडायची, तिला माणसाचं बोलणं आणि पेटी यात फरक कळला नाही, असं होणार नाही.

तुला ऐकू येत नाही का? म्हणून फोन नको का? म्हणून जयंतीला मागे बसलीस?

मी इथे महिनाभर रोज विचार करतेय की माझं काय चुकलं. तिकडे येण्याचं तिकीटही बघून ठेवलंय, सगळं सोडून यायचं म्हणून. एकदा खरं लिही.

तुझी,
क्रांती

*

खारघर
२० मे २०२४

चि. क्रांतीस,
तुझ्या दिलीपकाकांचा जय भीम.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. गोदामात सही सोडून काही लिहायची सवय नव्हती. पण आता इलाज नाही.

तुझ्या पत्राची छापील प्रत मी दुकानातून काढून आणली; तिने ती वाचली आणि घडी घालून गव्हाच्या डब्याखाली ठेवली. त्यानंतर तुझ्याबद्दल एक शब्द नाही. मला कळत होतं, पोरी. टीव्हीचा आवाज वाढत गेला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला ती मला उभं करायला लागली. एकदा मी डॉक्टरचा विषय काढला तर आठवडाभर जेवायला वाढलं, पण बोलली नाही. मग मी विषय सोडला. दारावरची बेल वाजली की मी आधी उठतो, एवढंच करत आलो.

आता रविवारी बाजार आहे. काल तिने मला माळ्यावर चढवलं आणि पेटी खाली काढायला लावली. जयंतीच्या आधीच तिने ती कापडात बांधून वर टाकली होती, तुला सांगितलं नसेल. मला वाटलं वाजवणार. तर म्हणाली, बाजारात मांडायची.

 माझे पंखेही मी मांडणार आहे, म्हणजे मी तिच्या शेजारी बसायला मोकळा. दुसरं काय करावं ते सुचत नाही. तिकिटाची घाई करू नकोस.

काका

*

खारघर
२ जून २०२४

चि. क्रांतीस,
जय भीम.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. खरं लिही म्हणालीस, तर खरं हे की आधी राग आला. तो गेला, म्हणून लिहितेय.

फेब्रुवारीत, रमाईच्या जयंतीच्या कार्यक्रमात, कोरस पुढे गेला आणि मी मागे राहिले. मला कळलंच नाही. समोर बसलेल्या बायकांचे चेहरे बघून कळलं. नंतर सगळ्या जरा जास्तच गोड वागल्या. ते मला सोसलं नाही. घरी आले, पेटी बांधली, वर टाकली. तुझा आवाज फोनवर नुसता कुजबुजल्यासारखा यायचा. किती वेळा “काय? काय?” म्हणणार? म्हणून पत्र. तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. विमानतळावर गप्प होते कारण बोलले असते तर रडले असते, आणि तूही रडली असतीस.

आता रविवारचं ऐक.

पार्किंगमध्ये सकाळपासून चादरी पसरल्या. तुझ्या गावासारखं जुनं सौंदर्य नाही हं आपल्याकडे. कपडे वाळत घालायचं ट्रेडमिल, मिक्सर नसलेली मिक्सरची भांडी, लग्नात आलेले आणि खोक्यातून न निघालेले लेमन सेट, माशांविना काचेची पेटी. पण लोक काय खूश! ज्यांच्याशी दहा वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं, ते एकमेकांच्या वस्तूंच्या हकीकती ऐकत उकिडवे बसले होते. तुझ्या गाईड ए विंगमधली एक मुलगी घेऊन गेली. तू समासात काढलेली चित्रं बघून ती हसत होती.

मी कोपऱ्यात बसले होते, पेटी पुढ्यात. शेजारी काका आणि पंखे. एक-दोघांनी पेटीला हात लावून बघितला. एकाला शोकेससाठी हवी होती. मी नाही म्हटलं, का ते मलाच सांगता आलं नाही.

मग नूरी आली. चादरीवर माझ्या समोर बसली आणि काहीतरी बोलली. पोरं सायकली फिरवत होती, वर कुणाच्या तरी घरात ड्रिल चालू होतं. मी म्हटलं, “नको गं, चहा आत्ताच झाला.”

ती परत बोलली. मी म्हटलं, “हो, पंखे यांचेच आहेत.”

नूरीने काकांकडे बघितलं. काकांनी खाली बघितलं. मग ती सरकत माझ्या अगदी कानाशी आली. “ताई, ही पेटी मी घेऊ का, विचारते. लहानपणापासून शिकायचं होतं. पण तुमी शिकवनार असाल तरच घेते.”

“नूरी, मला ऐकू येत नाही,” मी म्हणाले.

मला वाटलं हळू म्हणाले. बहुतेक फार मोठ्याने म्हणाले, कारण अख्खं पार्किंग माझ्याकडे वळलं. सायकलीसुद्धा थांबल्या. क्रांती, मी आयुष्यात गाण्याच्या वर्गापुढे, स्टेजवर कधी घाबरले नाही. तिथे मात्र जमिनीत जावंसं वाटलं.

नूरी तशीच बसलेली. “मग मशीन लावा ना,” ती म्हणाली, जसं काही मी म्हटलं होतं घरात साखर नाही. “माझ्या अम्मीला पन नको होतं. म्हनायची, लोक म्हातारी बोलतील. आता लावते, आणि शेजारनींची भांडनं दार बंद करून ऐकते.”

कोणीतरी हसलं. मग मीही हसले. मग काका हसले, आणि ते डोळे पुसायला लागले तेव्हा मला कळलं की हा माणूस किती दिवस एकटाच हे वागवत होता.

नूरी उठलीच नाही. माझ्या शेजारी ठाण मांडून बसली आणि पेटीला कोणी हात लावला की सांगायची, “विकायची नाय ही. आदी ताई ऐकतील, मग मी शिकेन.” संध्याकाळी तिनेच पेटी वर आणली. माळ्यावर नाही, टीव्हीच्या बाजूला ठेवली.

पंखे एकही गेला नाही. उलट काकांनी कुणाचा तरी बंद रेडिओ घरी आणलाय. म्हणतात, दुरुस्त होईल.

तिकीट काढू नकोस. हाती घेतलेलं काम पुरं करून ये. मी नेरूळला एका डॉक्टरची वेळ घेतली आहे. नूरी बरोबर येणार आहे, काका घाबरतात म्हणून.

तुझी मावशी,
जयमाला

*

सँ-रोमाँ
३ जून २०२४

मावशी,

प्रयोगशाळेत दगड कापायच्या मशीनशेजारी उभी राहून तुझं पत्र वाचलं. सरांनी विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, हो, माझी मावशी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी माझं अभिनंदन केलं.

तिकीट नाही काढलं. खरं सांगू? तू रागावलेली नाहीस हे कळल्यावर हे गाव एकदम मोठं वाटायला लागलंय. आज संध्याकाळी ओदेतबाईंबरोबर नदीपर्यंत चालत गेले. मला वाटायचं इथे बघण्यासारखं काही नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच लिही. आणि काकांना सांग, दारावरची बेल वाजली की आधी उठणं, हे मी कधी विसरणार नाही.

तुझी,
क्रांती

*

खारघर
१५ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
जय भीम.

आता आपण फोनवर बोलतो, तरी पत्र लिहितेय. काही गोष्टी फोनवर घाईत निघून जातात.

मशीन लावल्याच्या पहिल्या दिवसाचं तुला सांगितलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडले तर रिक्षांचा असा गोंगाट की मी दोन्ही काढून पर्समध्ये टाकली. घरी आले तर कबुतरं. कबुतरं एवढं बोलतात हे मी विसरूनच गेले होते. आणि काका दिवसभर गुणगुणतात, तेही बेसूर. इतके महिने मी सुखात होते म्हणायचं.

पण पेटीचं मी तुला सांगितलं नव्हतं. घरी येऊन पहिला सा लावला आणि पत्र्याच्या डब्यात कोणीतरी चमचा हलवतंय असं वाटलं. मी झाकण लावून टाकलं. काकांनाही बोलले नाही. ऐकू यायला लागलं, पण गाणं गेलं, असं मनाशी धरून बसले. नूरी मात्र दर रविवारी दुपारी येऊन बसायची. मी तिला बोटं कशी ठेवायची, भाता कसा धरायचा, एवढंच शिकवायचे. कानाचं काम नको होतं मला.

तिलाच शंका आली. तिने दवाखान्यातल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, गाण्यासाठी वेगळं सेटिंग करावं लागतं, तुम्ही सांगितलंच नाही! मग आम्ही चार-पाच वेळा गेलो. दरवेळी मी पेटी रिक्षात घालून न्यायचे आणि तिथे त्या टेबलावर वाजवायचे. ती मुलगी काहीतरी फिरवायची, मी मान हलवायचे. डबा हळूहळू लांब गेला. पूर्वीसारखं नाही, हे तुला खरं सांगते. पूर्वीसारखं आता होणारही नाही.

आज दुपारी नूरी आली. सारेगम वाजवत बसली. मी खिडकीशी मेथी निवडत होते, पाठ तिच्याकडे. मनात उद्याच्या भाजीचा विचार. ती वर गेली, सा रे ग म, व्यवस्थित, आणि उतरताना तिचं बोट घसरलं.

“चुकलं!” मी ओरडले.

मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली. काका आतून धावत आले, हातात रेडिओचा पाना. नूरी घाबरून बघतच राहिली.

“कोमल नी लागला,” मी म्हटलं. “शुद्ध हवा. तू कोमल लावलास!”

“सॉरी ताई,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “पन एवढं हसून कोन चूक काढतं?”

मी म्हटलं, “परत वाजव.”

तिने परत वाजवलं. परत तिथेच चुकली. मला परत ऐकू आलं.

तुझी मावशी,
जयमाला